६०० ओहम की २५०? मिरजेतल्या एका ट्यूब अँपसाठी हेडफोन निवडताना काय काय झालं

पार्श्वभूमी

ही केस मिरजेतल्या एका निवृत्त गृहस्थांची आहे, खरं नाव देत नाही, आपण त्यांना अण्णा म्हणू. वय साठीच्या पुढे, घरात तंबोऱ्याची जोडी, गाण्याच्या बैठकांना मागे तंबोऱ्यावर बसायची सवय लहानपणापासूनची. मिरजेत तंबोरे घडवणाऱ्यांच्या शेजारात वाढलेला माणूस असल्यामुळे जवारी (तारेखाली दोरा सरकवून मिळणारी नादाची गुंज) जरा जरी बिघडली तरी त्यांना लगेच कळते, आणि हे पुढे फार महत्त्वाचं ठरलं म्हणून आधीच सांगून ठेवतो.

त्यांनी एक सेकंडहँड ट्यूब हेडफोन अँप (अँप्लिफायर) घेतला होता, ओटीएल प्रकारचा, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला. त्यात ट्यूब दोन, पुढे एक ६एसएन७ आणि आउटपुटला एक ६०८०. ही ६०८० मुळात पॉवर सप्लायमध्ये व्होल्टेज रेग्युलेटर म्हणून वापरायची ट्यूब, हेडफोनसाठी कोणी बनवली नव्हती, पण ती इतर ट्यूबच्या मानाने भरपूर करंट देते म्हणून ओटीएलवाल्यांनी तिला उचललं. अण्णा तिला व्हॉल्वच म्हणतात, जुन्या रेडिओच्या काळातला माणूस. हेडफोन मात्र त्यांच्याकडे ३२ ओहमचे होते (ओहम हे इम्पिडन्सचं, म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप), मोबाईलसाठी घेतलेले, बंद कपांचे.

अडचण काय होती

अण्णांची तक्रार त्यांच्याच भाषेत अशी, "खर्ज फुगलाय रे, आणि तबला जोरात आला की आवाज चेपतोय. शिवाय मागं कायतरी बेसूर वाजतंय सारखं."

पहिल्या दोन गोष्टी ओटीएल आणि ३२ ओहम ही जोडी ऐकली की लगेच डोक्यात येतात. तिसरी मात्र मला आधी कळलीच नाही, मला नुसती घरघर ऐकू येत होती आणि ट्यूब अँपमध्ये थोडी घरघर असतेच असं सगळे धरून चालतात. अण्णा ऐकेनात. मग बसून हिशोब केला तेव्हा त्यांचं म्हणणं किती अचूक आहे ते दिसलं. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झ, रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करणारा भाग) उरते ती घरघर १०० हर्ट्झची. अण्णांचा तंबोरा काळी एकला लावलेला, षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झ, खर्ज ६९.३, आणि पहिली तार म्हणजे मंद्र पंचम साधारण १०४ हर्ट्झ. म्हणजे अँपची घरघर पंचमाच्या तारेच्या खाली, पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांश उतरलेली, आणि दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चारएक हेलकावे. तंबोऱ्याच्या माणसाला हे सहन होणं शक्यच नाही.

पहिला निर्णय: आधी अँप, मग हेडफोन

अण्णांनी तोवर मनात ठरवून टाकलं होतं की बेयरडायनामिकचा डीटी ८८० घ्यायचा, प्रश्न फक्त कुठला हा होता, कारण तो ३२, २५० आणि ६०० अशा तीन इम्पिडन्समध्ये येतो. पण बिघडलेल्या अँपवर ऐकून हेडफोन निवडण्यात अर्थ नव्हता. म्हणून आधी अँप एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे नेला. पॉवर सप्लायमधला एक फिल्टर कपॅसिटर सुकला होता, तो बदलल्यावर घरघर जवळजवळ गेली. आत शंभराच्या वर डीसी व्होल्ट असतात आणि अँप बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते बराच वेळ टिकून राहतात, त्यामुळे हे काम घरी करायचं नाही, हे परत परत सांगावंसं वाटतं.

मेकॅनिकनेच अजून एक गोष्ट दाखवली. अँपचा मेन्स ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचा आणि अण्णांच्या घरी रात्री उशिरा २४० पर्यंत चढतं. त्यामुळे ट्यूब तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या हीटरला ६.९ च्या आसपास मिळतात, ट्यूबचं आयुष्य त्यात कमी होतं. स्टेबिलायझर लावला आणि तो विषय संपला.

त्याच वेळी दोन मोजमापं करून घेतली आणि सगळी केस खरं तर त्या दोन आकड्यांवरच उभी आहे. एक म्हणजे अँपचा आउटपुट इम्पिडन्स. हे कुणालाही जमतं, चारशे हर्ट्झचा टोन लावायचा, जॅकवर काही न जोडता मल्टिमीटरने १ व्होल्ट येईल असा व्हॉल्यूम ठेवायचा, मग हेडफोनऐवजी २२० ओहमचा रेझिस्टर लावून परत मोजायचं. इथे ०.६६ व्होल्ट आले, म्हणजे आउटपुट इम्पिडन्स साधारण ११३ ओहम. ६०८० च्या ओटीएलला हे अगदी नेहमीचं आहे. दुसरं म्हणजे आउटपुट ट्यूबमधून गाणं चालू नसतानाही वाहत राहणारा करंट, त्याला मी उभा करंट म्हणतो, तो मेकॅनिकने मोजला, एका बाजूला ३५ मिलिअँपच्या आसपास.

पर्याय काय होते

अँपच बदलावा, ट्रान्सफॉर्मरवाला किंवा सरळ सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवाला) घ्यावा, हा पर्याय मी मांडून बघितला. अण्णांनी तो ऐकूनही घेतला नाही, आणि मला त्यात चूक वाटत नाही, त्यांना व्हॉल्वच हवा होता.

मग उरला डीटी ८८० चा प्रश्न. तिन्ही व्हर्जनना कंपनी एकच सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरला किती मोठा आवाज) सांगते, १ मिलिवॅटला ९६ डीबी. पॉवर तेवढीच पण ती वेगळ्या मार्गाने हवी असते. ९६ डीबीसाठी ३२ ओहमला ०.१८ व्होल्ट आणि ५.६ मिलिअँप, २५० ला अर्धा व्होल्ट आणि २ मिलिअँप, ६०० ला ०.७७ व्होल्ट आणि फक्त १.३ मिलिअँप. ट्यूबकडे व्होल्ट हवे तेवढे असतात, करंट मात्र तोलूनमापून.

इथे बहुतेक लोक थांबतात आणि म्हणतात की ६०० ओहम चालवायला जड. ओटीएलवर ते खरं नाही. अँपचे स्वतःचे ११३ ओहम हेडफोनच्या सिरीजमध्ये येतात आणि व्होल्टेज वाटून घेतात. ६०० ओहमचा हेडफोन लावला तर दीड डीबी जातात, २५० ला सव्वातीन, आणि ३२ ला तेरा डीबी. म्हणजे ३२ ओहमवाला मुळात ६०० पेक्षा जवळजवळ १३ डीबी मोठा वाजायला हवा, तो या अँपवर जेमतेम एक डीबी मोठा वाजतो, आणि २५० व ६०० मध्ये फरक उरतो २ डीबीचा. व्हॉल्यूमचं बटण तिन्हीसाठी जवळपास एकाच जागी. आवाज तेवढाच पण ट्यूबवरचा भार चौपट, हा ३२ चा खरा तोटा. तबल्याच्या थापेला, समजा ११० डीबीच्या टोकाला, ३२ ओहमला ४० मिलिअँपचं शिखर लागतं आणि ट्यूबमध्ये उभा करंटच ३५ आहे, तिला साधारण तेवढाच देता येतो, मग आवाज चेपणार नाही तर काय होणार. २५० ला तिथे १४ लागतात, ६०० ला ९. हा हिशोब अण्णांना कागदावर दाखवला आणि ३२ तिथेच बाद झाला. खर्ज फुगण्याचं उत्तरही त्यातच होतं, हेडफोनपेक्षा अँपचा इम्पिडन्स तिप्पट-चौपट असला की अँपची पकड राहत नाही, पडदा आपल्या मर्जीने हलत राहतो.

चौथा पर्याय माझ्याकडचा, सेनहायझर एचडी ६५०, ३०० ओहम. २००३ पासूनचा हेडफोन आणि ओटीएलवाल्यांचा जुना लाडका. त्याचं कारण असं की त्याचा इम्पिडन्स सगळीकडे ३०० नसतो, ८०-१०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० च्या घरात चढतो, त्यामुळे अशा अँपवर तिथे बरोबर एक डीबीची भर पडते. डीटी ८८० चा इम्पिडन्स त्या मानाने सपाट, त्याचा स्वर ओटीएलवर फारसा बदलत नाही.

ऐकून बघणं, आणि तिथे कुठे कुठे फसायला होतं

डीटी ८८० चे प्रो आणि एडिशन असे दोन प्रकार आहेत. २५० ओहमचा प्रो कोल्हापूरच्या एका स्टुडिओवाल्या ओळखीच्यांनी दिला, ६०० चा एडिशन पुण्याच्या एका मित्राने, एचडी ६५० माझा. पहिल्या ऐकण्यात अण्णांचं मत एकदम पक्कं, "हा अडीचशेवाला बोचतोय, सहाशे गोड आहे." हेच सगळीकडे वाचायलाही मिळतं, की ६०० मऊ आणि २५० टोकदार, त्यामुळे मी पण मान डोलावणार होतो. पण स्टुडिओतल्या जोडीची मखमली पॅड बघितली तर वर्षानुवर्षं वापरून पार चपटी झालेली. पॅड बसली की कान ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या पडद्याच्या) जवळ जातो, सील बदलतं, खालचा आणि वरचा दोन्हीकडचा स्वर बदलतो. दोन्ही हेडफोनची पॅड एकमेकांना बसतात, म्हणून अदलाबदल केली. झालं, आता अण्णांना ६०० बोचायला लागला आणि २५० गोड. म्हणजे तोवर आम्ही इम्पिडन्स नाही, पॅड ऐकत होतो.

नवीन पॅड मागवून दोन्हीला लावली आणि मग आवाजाची पातळी जुळवली. हे कान लावून करायचं नाही, कारण २ डीबीने मोठं वाजणारं नेहमी चांगलंच वाटतं, आणि ते मोठं आहे असं वाटत नाही, जास्त जिवंत आहे असं वाटतं. परत चारशे हर्ट्झचा टोन, हेडफोन लावलेला असताना जॅकवर २५० साठी ०.१ व्होल्ट आणि ६०० साठी ०.१५५. एवढं केल्यावर फरक खूप खाली आला. अण्णांना दोन्हीत फरक ऐकू येत होता पण कुठला चांगला ते ठामपणे सांगता येईना. ६०० मध्ये तंबोऱ्याच्या तारा जरा सुट्या वाटतात, खर्जाच्या तारेतून आपोआप निघणारा स्वयंभू गंधार लवकर सापडतो, असं ते म्हणाले. कंपनीचं म्हणणं असतं की ६०० ची कॉइल बारीक तारेची, हलकी, म्हणून ती जास्त चपळ. असेलही. मला जास्त पटतं ते अँपच्या बाजूचं कारण, कमी करंटमध्ये ट्यूब जास्त सरळ चालते. डोळे बांधून चाचणी घेण्याचा विचार सोडून द्यावा लागला, प्रो डोक्याला जास्त दाबतो आणि त्याची केबल गुंडाळीची, त्यामुळे डोक्यावर ठेवल्या ठेवल्या कळतं कुठला आहे.

एचडी ६५० बद्दल माझी अपेक्षा होती की अण्णा त्यावरच थांबतील. खर्ज त्यांना आवडला, गळा आवडला, मल्लिकार्जुन मन्सूर लावले तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. पण तंबोऱ्याकडे आले आणि म्हणाले, "जवारी झाकलीय रे. दोरा काढून घेतल्यासारखी." जवारीचा दोरा सरकवून सूर उघडणं हे ज्याने आयुष्यभर केलंय त्याने हे म्हटलं की वाद घालण्यात अर्थ नसतो.

मला मात्र डीटी ८८० चं वरचं टोक, ८-९ हजार हर्ट्झच्या आसपासचा उंचवटा, थोडा जास्तच वाटतो. मग अण्णांना तो का खुपत नाही? याचं उत्तर त्यांच्या मुलीने दिलं, तिने कपाटातून त्यांचा कान तपासणीचा ऑडिओग्राम काढून आणला. ४ हजार हर्ट्झच्या वर रेषा खाली उतरत जाते, त्या वयाला असते तशीच. म्हणजे जो उंचवटा मला जास्त वाटतो तो अण्णांना हरवलेलं थोडंफार परत देतो. इतरांचे रिव्ह्यू वाचून हेडफोन घेण्यात हीच मोठी अडचण आहे, ते लिहिणारा आपल्यापेक्षा तीस वर्षांनी लहान असू शकतो. एक काळजी मात्र बोलून दाखवली, कमी ऐकू येतं म्हणून व्हॉल्यूम वाढवत न्यायचा नाही, आणि मुलीने अँपच्या बटणावर पांढऱ्या रंगाची खूण करून टाकली.

त्याच उंचवट्याचा तोटा जुन्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डिंगला दिसतो. किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झालेले, अण्णांच्या घरी ते ऐकले जाणारच. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले आणि बेयरचा पहिला डायनामिक हेडफोन डीटी ४८ सुद्धा १९३७ चाच, म्हणजे हे आवाज मुळात हेडफोनवर ऐकण्यासाठी कोणी बनवलेलेच नाहीत, त्यातली रेकॉर्डची खरखर डीटी ८८० समोर आणून ठेवतो. अण्णा म्हणाले चालेल, खरखर मला लहानपणापासून पाठ आहे.

दुसरा निर्णय: २५० की ६००

आता आवाजावरून निकाल लागत नव्हता, म्हणजे बाकीच्या गोष्टी बघायच्या. २५० प्रो इथे सहज मिळत होता, वॉरंटीसकट. ६०० बाहेरून मागवावा लागणार, कुरियर आणि ड्युटी धरून बराच महाग, आणि केबल तुटली तर, डीटी ८८० ची केबल काढता येत नाही, हेडफोनच सोल्डरिंगला द्यावा लागतो. हे सगळं २५० च्या बाजूने. ६०० च्या बाजूने अँपवरचा हलका भार आणि एडिशनची सैल पकड. अण्णा चष्मा लावतात, प्रो घालून तासभर ऐकलं की काड्या कानशिलात रुततात. २५० मध्येही एडिशन निघतो, पण तो त्या वेळी मिळेना.

माझं मत २५० एडिशनसाठी थांबावं असं होतं. अण्णांनी विचारलं, "या अँपला कुठला जास्त शोभतो ते सांग, बाकी राहू दे." प्रश्न असा विचारला तर उत्तर ६०० च. त्यांनी ६०० मागवला.

पुढे काय झालं

अँपवर अण्णा समाधानी आहेत आणि हे नुसतं नव्या वस्तूचं कौतुक नाही, पावसाळा येऊन गेला तरी तक्रार नाही. तबला चेपत नाही, खर्ज आवरलेला आहे, घरघर गेलेली. यातला मोठा वाटा ३२ वरून वर येण्याचा आणि कपॅसिटरचा आहे, ६०० चा स्वतःचा वाटा लहान. एक शिस्त त्यांनी पाळली आहे, अँप चालू करून ट्यूब तापेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं हेडफोन जोडायचा नाही, कारण सुरुवातीला कपॅसिटर भरताना आउटपुटला धक्का येऊ शकतो. जोडताना-काढताना व्हॉल्यूम शून्यावर.

अडचण दुसरीकडून आली. अण्णा आता आठवड्यातून दोनदा परगावच्या शिष्यांना लॅपटॉपवरून तंबोरा जुळवायला शिकवतात आणि तिथे ६०० लावला तर आवाजच नाही. लॅपटॉपचा जॅक जास्तीत जास्त १ व्होल्टच्या आसपास देतो असं धरलं तर ६०० ओहमला कमाल ९८ डीबी, तेही सगळ्यात जोराच्या टोकाला. ऑनलाइन शिकवणीत पलीकडून येणारा आवाज मुळातच बारीक, त्यामुळे प्रत्यक्षात पुटपुटल्यासारखं ऐकू येतं. २५० ला त्याच व्होल्टेजला १०२ मिळाले असते, ३२ ला १११.

परत करायचं झालं तर

पहिला प्रश्न हा विचारावा की हेडफोन या अँपशिवाय अजून कुठे कुठे लागणार. अण्णांच्या बाबतीत शिकवणीचा बेत घरात तेव्हाही चालू होता, पण हेडफोनच्या चर्चेत तो आलाच नाही कारण सगळं लक्ष अँपवर. तो आला असता तर २५० एडिशनसाठी थांबा हे माझं म्हणणं मी जास्त जोर लावून मांडलं असतं, कारण ओटीएलवर २५० मध्ये जे हातचं जातं ते फार थोडं आहे. ट्यूबकडे ३५ मिलिअँप असताना १४ मागणं आणि ९ मागणं, दोन्ही आरामात बसतं. ज्यांच्या अँपमध्ये छोट्या ट्यूब आहेत आणि उभा करंट याच्या निम्माच आहे, त्यांनी मात्र हा हिशोब परत करावा, तिथे ६०० ची बाजू खरोखर वरचढ होते. आणि अँप ट्रान्सफॉर्मरवाला असेल, मागे हेडफोनच्या इम्पिडन्ससाठी लो आणि हाय असा स्विच असेल, तर यातलं निम्मं गणित लागूच होत नाही, तिथे ३२ सुद्धा व्यवस्थित चालू शकतो.

पॅडची गोष्ट पहिल्याच दिवशी करावी. उसना आणलेला हेडफोन ऐकण्याआधी पॅड बोटाने दाबून बघायची, परत फुगत नसतील तर मत बनवायचं नाही.

आउटपुट इम्पिडन्स मोजणं मी सगळ्यात वर ठेवेन, एक रेझिस्टर आणि घरातला मल्टिमीटर एवढाच खर्च. अँपवाले लोक ट्यूब बदलून बघण्यात जेवढे पैसे घालतात त्याच्या तुलनेत हे काहीच नाही आणि उत्तर मात्र जवळजवळ पूर्ण मिळून जातं.

लॅपटॉपवर अण्णा सध्या ते जुने ३२ ओहमवालेच लावतात. तिथे ते छान वाजतात, लॅपटॉपच्या जॅकचा इम्पिडन्स अगदी कमी असल्यामुळे खर्जही फुगत नाही. शिष्याची जवारी उघडली की नाही हे त्यावर कळतं का असं मी विचारलं, तर म्हणाले की निम्मं कळतं, बाकीचं त्याला रेकॉर्ड करून पाठवायला सांगतो आणि रात्री व्हॉल्ववर ऐकतो.